तोंडपाठ तक्ता

नातीचा चित्रकलेचा क्लास दीड वर्ष चालला आणि घरात एक चित्र आलं नाही, ही गोष्ट खरं तर अण्णांच्या केव्हाच लक्षात यायला हवी होती. पण समोरच्याच्या बुबुळावरचा तिळाएवढा डाग चार हातांवरून ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातलं काही दिसत नाही, हे कुणाला नवीन नव्हतं. आता मात्र दिसलं होतं. बोर्डाच्या कचेरीतून परत आलेला लिफाफा शनिवारी धाकट्या सुनेच्या, म्हणजे धाकटीच्या हातात पडायच्या ऐवजी अण्णांच्या हातात पडला, आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपताच त्यांनी अख्ख्या घराला खाली तपासणीच्या खोलीत बोलावलं.

घरातले सगळे निकाल त्याच खोलीत लागायचे. दुकानामागची लांबट, बिनखिडकीची खोली. एका टोकाला वर-खाली होणारी खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर मागून दिवा लावलेला अक्षरांचा तक्ता, मधे मोजून आठ पावलं. दुकान वाढवायचं ठरलं ते इथे, मधलीचं लग्न मोडलं तेही इथे. अण्णा आपल्या गोल स्टुलावर बसले होते. भिंतीकडेच्या बाकावर मधली, म्हणजे अण्णांची लेक. ती एका शाळेच्या कचेरीत मुख्य कारकून होती आणि तंटा असला की तिला न बोलावता कळायचं. धाकटा मुलगा कपाटाला टेकून उभा होता, त्याची बायको मुलीच्या मागे. मुलगी पंधरा वर्षांची. लहानपणी सारखी कशाच्या तरी मागे लागून चालायची म्हणून नाव पडलं मुंगी, ते पडलंच. आणि बाकाच्या कडेला, मांडीवर पिशवी धरून, एक परक्या बाई बसल्या होत्या. त्यांना धाकटीने फोन करून बोलावलं होतं. कुणाला न विचारता.

थोरला मुलगा आपल्या जागी होता. काचा घासायच्या खोलीच्या दारात, हातात फडकं. छप्पन्न वर्षांचा झाला तरी घरातल्या बैठकीत तो दाराच्या आत कधी आला नव्हता.

"चित्रकला," अण्णा म्हणाले. "कुठल्या रंगात चालली होती म्हणे ही चित्रकला, सूनबाई?"

"रंगात नाही, वाळूत," धाकटी म्हणाली. मान खाली गेली नाही. "ताटात वाळू पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, आणि काढताना त्याचा आवाज तोंडाने म्हणायचा. आठवड्यातून तीन दिवस. या बाई शिकवतात."

"पंधरा वर्षांची घोडी वाळूत अक्षरं गिरवते! आणि मला सांगतात चित्रकला! अरे, मी काय मेलो होतो?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नवा चष्मा दिला असता, अण्णा."

धाकट्याने बायकोकडे असं पाहिलं, की बस कर आता. मधलीने जिभेने च्यक् केलं. आणि थोरल्याला, देवाशपथ, हसू आलं. ते त्याने फडक्यात दाबलं. कारण धाकटी खरं तेच बोलली होती. मुंगी नऊ वर्षांची असताना वाचताना अडखळते अशी शाळेतून पहिली तक्रार आली, तेव्हा अण्णांनी पाव नंबराचा चष्मा दिला. दहाव्या वर्षी नंबर बदलला. मग काचेला फिकट निळी झाक दिली. मग पिवळी. सोनाराच्या घरात पोर रडलं तर त्याला दागिना दाखवतात, तसं या घरात कुणाचंही काहीही बिघडलं की त्याला चष्मा लागायचा.

"पत्र वाच," अण्णा धाकट्याला म्हणाले. "सगळ्यांना कळू दे सूनबाईंचा प्रताप."

धाकट्याने घसा साफ केला. पत्र कचेरीतल्या पत्रांसारखंच होतं, कोरडं. विद्यार्थिनीला वाचन-अक्षमता असल्याने परीक्षेत सवलत मिळावी असा अर्ज आला आहे. सोबत नेत्रतज्ज्ञांचा दाखला आहे की दृष्टी निर्दोष आहे. परंतु शाळेच्या दप्तरात गेली सहा वर्षे एकाच चष्म्याच्या दुकानाची पत्रे आहेत की दृष्टी सदोष आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. आधीची पत्रे ज्यांनी दिली त्यांनीच लेखी खुलासा करावा. सोमवार, सकाळी अकरापर्यंत. त्यानंतर अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

"म्हणजे उद्या," मधली म्हणाली.

"उद्या," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच बोलल्या त्या. साधी सुती साडी, नखांत खडूचा भुगा, आणि आवाज असा, की घाईत असलेला माणूससुद्धा थांबून ऐकेल. "सवलत फार मोठी नाही. प्रश्न वाचून दाखवायला एक माणूस आणि तासाभराचा जादा वेळ. सराव परीक्षेत काय झालं ते सांगते. इतिहासाच्या पेपरात मुंगीने निम्मे प्रश्न कोरे सोडले. तेच प्रश्न मी दुसऱ्या दिवशी तोंडी विचारले तर एकाही उत्तरात अडली नाही. तिचा सगळा वेळ प्रश्न वाचण्यातच गेला होता."

"वेळ गेला कारण दिसत नाही नीट. मी तेच तर सांगतोय."

"तिला दिसतं, अण्णा. डोळे चोख काम करतात. पाहिलेलं अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ आपल्या डोक्यात आपोआप बसते. तिच्या डोक्यात ती प्रत्येक वेळी नव्याने मारावी लागते. शिकवलं की जमतं. दीड वर्षापूर्वी चार ओळींना रडायची, आता पान वाचते. पण हळू वाचते, आणि परीक्षेतलं घड्याळ काही हळू चालत नाही."

"म्हणजे थोडक्यात," अण्णा सावकाश म्हणाले, "मी माझ्या हाताने लिहून द्यायचं की सहा वर्षं मी माझ्या नातीला खोटा नंबर दिला."

थोडक्यात तेच होतं.

"अण्णा, मी तर म्हणते देऊच नका," मधली पुढे सरकली. "मी शाळेत रोज बघते ना. एकदा का अक्षमता हा शब्द दप्तरात चढला की तो निघत नाही. पुढच्या प्रवेशाला तोच, नोकरीला तोच. कमी मार्क पडले तर पडू देत. शिक्का नको."

"शिक्का आत्ताही आहे, ताई," धाकटी म्हणाली. "वर्गात तिला ढ म्हणतात. तुम्हीच मागे म्हणाला होतात."

"मी प्रेमाने म्हणाले होते!"

"ऐकू येताना सारखंच येतं."

"अगं, पण बोलायची काही पद्धत..." धाकटा मधे पडला, आणि दोघींनी एकदमच त्याला "तुम्ही थांबा" आणि "तू थांब" म्हटलं. तो थांबला. दुकानात गिऱ्हाइकासमोर वाघ आणि खोलीत या दोघींमधे शेळी, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

अण्णा उठले. कपाटातून त्यांनी कार्डांची चवड काढली आणि पत्ते टाकावेत तशी एकेक टेबलावर टाकली. "ही बघा. माझ्या हातची. सहा तपासण्या. चष्म्याशिवाय: तिसऱ्या ओळीत अडखळली. चष्म्यासह: शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक. सहाच्या सहा वेळा! बाई, तुमची वाळू तुमच्यापाशी. हा पुरावा आहे. आणि अजून पुरावा हवा तर तो बघा, दारात उभा आहे."

थोरल्याने ओळखलं. आता ती गोष्ट येणार. पोराला शाळेत येत नाही म्हणून रडत आलेल्या प्रत्येक आईबापाला अण्णा ती सांगत आले होते, सत्तेचाळीस वर्षं.

"नऊ वर्षांचा होता हा. मास्तर म्हणाले, मंद आहे, शाळेतून काढा. मी म्हटलं, मंद तुमची शाळा! याच खुर्चीत बसवला. चष्म्याशिवाय दोन ओळींपुढे जाईना. काच चढवली आणि काय सांगू, घडाघडा सगळा तक्ता! वरपासून खालपर्यंत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे अभ्यासात त्याचं मन रमलं नाही ही गोष्ट वेगळी. पण आज या शहरात त्याच्यासारखी काच घासणारा दुसरा दाखवा."

दुसरा नव्हता, तेही खरंच. धाकट्याने दुकानातून हाक द्यायची, "उजवा उणे दीड, डावा उणे पावणेदोन," थोरल्याने आतून तीच हाक परत द्यायची, आणि संध्याकाळी काच तयार. चिठ्ठी आत पाठवायची नाही. चिठ्ठीने चुका होतात, हाकेने होत नाहीत, असा थोरल्याचाच आग्रह होता, आणि त्याच्या हातून एक काच चुकली नसल्यामुळे अण्णांनी तो दुकानाचा नियम करून टाकला होता. नियम का झाला हे कुणी विचारलं नाही. थोरल्याच्या स्वतःच्या चष्म्यात वरच्या अर्ध्या भागात कसलाही नंबर नव्हता, साधी काच होती; चाळिशीनंतर खरोखरचा जवळचा नंबर लागला तेव्हा तो त्याने गुपचूप खालच्या अर्ध्यात घासून घेतला होता. हेही कुणी विचारलं नाही.

बाई तक्त्याकडे बघत होत्या. "तुमच्याकडे हाच तक्ता असतो का नेहमी?"

"माझ्या गुरूंनी दिलेला आहे. दुकान उघडलं त्या दिवसापासून. का?"

"नाही, विचारलं." पण त्यांची नजर तक्त्यावरून मुंगीवर आली आणि तिथेच राहिली. "मुंगी, तुला हा तक्ता पाठ आहे का गं?"

मुंगीने मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले.

"काय म्हणायचंय तुम्हाला?" अण्णांचा आवाज चढला. "माझी नात मला फसवते?"

"अण्णा, तसं..."

"मुंगी! इकडे बघ. पाठ आहे?"

मुंगीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण तोंडातून शब्द नाही. आणि न बोलणं म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांनाच कळलं. अण्णांचा हात कार्डांवर होता, तो तिथेच राहिला.

"बघा," मधली धाकटीकडे वळली. "चित्रकला म्हणून दीड वर्ष खोटं बोलायला शिकवलंच आहे, हेही तूच शिकवलं असशील. नऊ वर्षांच्या पोरीला हे आपलं आपण सुचतं होय?"

"मी? मी कशाला..."

"तू शिकवलंस?" धाकट्याने बायकोला विचारलं. एवढा वेळ तो कुंपणावर बसला होता, आता एका बाजूला उतरायला त्याला कारण मिळालं होतं. "खरं सांग. चष्म्यावरून तुझा आधीपासूनच राग आहे."

"आईने नाही शिकवलं!" मुंगी ओरडली.

"मग कुणी?"

मुंगीने ओठ असे मिटले होते की चिमट्यानेही उघडले नसते. पण तिचे डोळे एक क्षण दाराकडे गेले आणि लगेच परत फिरले. सहा वर्षं पोरीने शब्द पाळला होता. आत्ताही, वर्ष हातचं जायची वेळ आली तरी पाळत होती. थोरल्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तो गप्प बसला तर पोरीचं वर्ष जाणार होतं, आणि तिच्या आईवर नसता आळ राहणार होता. तो बोलला तर अण्णांची गोष्ट जाणार होती. ती गोष्ट गेली तर अण्णांकडे थोरल्याबद्दल अभिमानाने सांगण्यासारखं दुसरं काय होतं? काहीच नव्हतं. त्याने फडकं घडी करून खिळ्याला अडकवलं.

"मी शिकवलं," तो म्हणाला, आणि खोलीच्या आत आला.

"दादा, तू मधे पडू नकोस," मधली म्हणाली. तिचा चेहरा एकाएकी पांढरा पडला होता. "तुला काही बोलायची गरज नाही."

"मी शिकवलं, अण्णा. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे रडत आली. म्हणाली, काका, मला अक्षरं ओळखू येत नाहीत आणि आजोबा रागावतील. मी तिला काचा घासायच्या मशीनपाशी बसवलं आणि एकेक ओळ म्हणून घेतली. चष्मा नसताना तिसऱ्या ओळीत अडखळायचं आणि काचा डोळ्यांवर आल्या की सुरू करायचं, हेही मीच सांगितलं. मला वाटलं, पोर सुटेल. माझंच सोंग तिच्यावर चढवतोय हे तेव्हा कळलं नाही."

"पण तुला..." अण्णा थांबले. "तुला कसा हा तक्ता पाठ?"

थोरल्याने तपासणीच्या खुर्चीकडे पाहिलं. नऊ वर्षांचा असताना गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून ऐकून त्याने तो पाठ केला होता. धाकटीने तोंडावर हात ठेवला. अण्णांना मात्र कळायला वेळ लागला, कारण त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं.

"खोटं," ते म्हणाले. "पुतणीला वाचवायला खोटं बोलतोयस. बस. खुर्चीत बस!"

थोरला बसला. सत्तेचाळीस वर्षांनी. अण्णांनी त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला, जुन्या तक्त्यामागचा दिवा मालवला, आणि विक्रेत्याने नमुना म्हणून दिलेला दुसरा तक्ता गुंडाळीतून सोडवून त्यावर टांगला. खोलीतला मोठा दिवा लागला.

"चौथी ओळ. वाच."

थोरल्याने पाहिलं. आठ पावलांवर पाच काळीभोर अक्षरं रांगेत उभी होती, स्वच्छ. "म," तो म्हणाला. मग थांबला. "भ असेल... नाही. म. मग..."

"दिसत नाही?"

"दिसतं, अण्णा. त्या तिसऱ्या अक्षराच्या पोटाशी छापताना शाई उडालीय, टाचणीच्या टोकाएवढी. तीही दिसते. पण ते घ आहे की ध, हे मला दर वेळी ठरवावं लागतं. ठरेपर्यंत आधीचं हातातून जातं."

अण्णा तक्त्यापाशी गेले. खिशातलं भिंग काढून त्यांनी तिसऱ्या अक्षरावर धरलं आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका तिथे होता.

"दुकानातल्या हाका..." धाकटा स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलला. "अरे देवा. दादा, म्हणून चिठ्ठी नको होती तुला?"

"फणीचा लावा, अण्णा," मधली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मघापासून अण्णांची वकील झालेली मधली आता रडत होती, आणि रडण्याचाच तिला राग आला होता. "लावा ना! काय बघताय? मी चौथीत होते तेव्हा याच्या सहावीच्या वह्या मी लिहून द्यायची. मला माहीत होतं. मला वाटायचं, आळशी आहे. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. शिक्का नको, शिक्का नको म्हणते ना मी, ते कुणासाठी म्हणते? फणीचा लावा."

फणीचा तक्ता खालच्या खणात असायचा. त्यावर अक्षरं नव्हती. तीन दातांच्या फण्या होत्या, कुठली उजवीकडे तोंड केलेली, कुठली डावीकडे, कुठली वर, कुठली खाली, ओळीगणिक बारीक होत गेलेल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. हमाल, गवंडी, शाळेत न गेलेली मुलं. फणीचे दात कुठल्या दिशेला ते हाताने दाखवायचं, बस्स. नंबर काढायला अक्षर लागतच नाही, हे अण्णांनी स्वतः पन्नास शिकाऊ मुलांना शिकवलं होतं. स्वतःच्या मुलाला बसवताना मात्र तो खण उघडावा असं त्यांच्या मनात आलं नाही. माझ्या घरातल्या पोराला फणीचा तक्ता? छे!

आता त्यांनी खण उघडला.

"वरची," अण्णा म्हणाले. थोरल्याने हात उजवीकडे केला. डावीकडे. खाली. वर. अण्णांची काठी एकेका फणीवर टेकत गेली आणि थोरल्याचा हात वळत गेला, दुसरी ओळ, पाचवी, सातवी. शेवटच्या ओळीतल्या फण्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या होत्या. तीही त्याने एका दमात दाखवली. कुठेच चूक झाली नाही. नऊ वर्षांचा असतानाही झाली नसती.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "मुंगी, बस."

मुंगी बसली. चष्मा तिने आपणहून काढून काकाच्या हातात दिला. तिचाही हात वळत गेला, उजवा, वर, डावा, खाली, शेवटच्या ओळीपर्यंत. पाच मिनिटंही लागली नाहीत. अण्णांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते टेबलाशी जाऊन बसले.

त्यांनी दुकानाचा कागद पुढे ओढला. पेन उघडलं. आणि पेन तसंच कागदावर अधांतरी राहिलं.

"अण्णा," धाकटा जवळ जाऊन हळूच म्हणाला, "असं लिहा ना, की नंबर होता, तो आता उतरला. सहा वर्षांत उतरतो कधीकधी. तिचं कामही होईल आणि दुकानाचं नावही राहील. कुणाला काय कळतंय?"

"कचेरीला कळेल," बाई म्हणाल्या. "आत्तापर्यंत वाचता आलं नाही ते नंबरामुळे, आता नंबर गेला, मग सवलत कशाला, असं म्हणून अर्ज परत येईल. आणि परत आणून द्यायला उद्यानंतर दिवस नाही."

"तुम्ही थांबा हो, घरचा प्रश्न आहे हा."

"त्या थांबणार नाहीत," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "पोरगी तुमची आहे ना? मग तुम्ही जरा बोला की तिच्या बाजूने. एकदा तरी!"

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, खुर्चीत बसलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि मग त्या थोरल्या भावाकडे, ज्याला तो तीस वर्षं हाका देत आला होता. त्याचे खांदे उतरले. "खरं तेच लिहा, अण्णा," तो म्हणाला. "दुकान बघून घेऊ."

"मला शिकवू नकोस," अण्णा म्हणाले. पण ओरडले नाहीत. पेन खाली टेकलं. ते लिहीत गेले आणि लिहिताना मोठ्याने म्हणत गेले, जणू खुलासा कचेरीला नाही, खोलीलाच द्यायचा होता. "मुलीची दोन्ही डोळ्यांची दृष्टी निर्दोष आहे. पूर्वीही निर्दोष होती. अक्षरांच्या तक्त्यावर तपासणी केल्याने निष्कर्ष चुकीचा निघाला. आधीची सहाही पत्रे मी मागे घेत आहे. चूक माझी आहे." सही केली, शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून कागद दोन बोटांत धरून हलवला आणि तो धाकटीपुढे धरला. तिच्याकडे न बघता.

"सूनबाई, उद्या कचेरी उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहा."

धाकटी वाकून काहीतरी म्हणायला गेली, तिला हुंदकाच आला. बाईंनी तिच्या हातून कागद घेतला, दोनदा वाचला आणि पिशवीत न घालता हातातच धरला. मधलीने मुंगीला खुर्चीतून उठवून छातीशी धरलं. मुंगीला ते आवडलं नाही, पण तिने सहन केलं. एकेक करून सगळे दुकानात गेले. शटर वर गेल्याचा आवाज आला आणि रस्त्यावरचा उजेड खोलीच्या दारापर्यंत आला.

थोरलाही आपल्या खोलीकडे वळला होता.

"थांब," अण्णा म्हणाले.

तो थांबला. अण्णा अजून टेबलाशीच होते. सहा कार्डं समोर पसरलेली होती, ती त्यांनी गोळा केली, सारखी केली, पुन्हा पसरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा पहिल्यांदाच अठ्ठ्याहत्तर वर्षांचे दिसत होते.

"तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

थोरल्याला वाटलं होतं, ते रागावतील. रागाला त्याच्याकडे उत्तर होतं, गप्प राहायचं. या आवाजाला मात्र त्याने खरं होतं ते सांगितलं.

"तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं, अण्णा. तक्ता म्हणून झाला आणि तुम्ही मला उचललं आणि दुकानाबाहेर काढलं. शिंप्याला, घड्याळवाल्याला, समोरच्या डॉक्टरांना, सगळ्यांना हाका मारून सांगत होतात, माझ्या मुलाला दिसतं, माझ्या मुलाला दिसतं. मी तुम्हाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मग कसं सांगणार?"

बाहेर धाकटा कुणाला तरी सांगत होता, आज दुकान बंद आहे, उद्या या.

"चौकापर्यंत नेलं होतं तुला," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"खाली उतरवा, खाली उतरवा, म्हणत होतास सारखा." अण्णांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मला वाटलं, लाजतोयस."